फळं राहू द्या, मे महिन्यात फ्लूची सुई आणा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर फोटो होता, एका साहेबांचा वाढदिवस, वृद्धाश्रमात फळवाटप, आजीच्या हातात केळी आणि साहेब कॅमेऱ्याकडे बघून राहिले. हेतू चांगलाच असेल, मी नावं ठेवत नाही, पण फोटो पाहून मला मागच्या वर्षीचा पोळा आठवला म्हणून हे लिहून राहिलो. पत्र लांबलं तर कापा, फक्त मधला भाग कापू नका.

माझी आत्या, वय 81, शहराबाहेरच्या एका आश्रमात राहते. नाव सांगत नाही, माणसं वाईट नाहीत, देणग्यांवर कसंबसं चाललंय. एका हॉलमध्ये बारा पलंग, दोन पलंगांच्या मधात एक स्टूल मावेल एवढीच जागा, पावसाळ्यात डास येतात म्हणून खिडक्या बंद. पोळ्याच्या चार दिवस आधी मी गेलो तर आत्यानं चहा घेतला नाही. ही बाई चहाला नाही म्हणत नाही हो, बशीत ओतून फुंकर मारत पिते आणि वरून अर्धा कप मागते. त्या दिवशी बशीतल्या चहावर साय धरली तरी हात लावला नाही. आणि मला विचारते, "मामाजी आले का रे ऑफिसातून?" मामाजी म्हणजे तिचे यजमान, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मी तिथं देखभाल करणाऱ्या मावशींना म्हटलं ताप बघा. थर्मामीटर लावला, 98.4. "ताप नाही जी, वय झालं, असंच होते." मलाही पटलं, मी घरी निघून आलो.

तीन दिवसांनी त्या हॉलमधले पाच जण खोकत होते आणि एक आजोबा बाथरूममध्ये पडले होते. तेव्हा कुठं डॉक्टर आले, स्वॅब गेला, इन्फ्लुएंझा ए, म्हणजे फ्लू, निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मी इथं मुद्दाम लिहितो, म्हाताऱ्या माणसाला फ्लू झाला की ताप येईलच असं नाही, जेवण सुटणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, काल चालणाऱ्या माणसाला आज पाय उचलता न येणं, एवढ्यावरच ओळखावं लागतं. म्हणजे न घेतलेला चहा हेच लक्षण होतं आणि आम्ही थर्मामीटर पाहून समाधानी.

आता प्रश्न असा की तिथले म्हातारे तर कुठं जातच नाहीत, मग फ्लू आला कुठून? रात्रपाळीच्या एका मावशीला सर्दी-खोकला होता, पण सुटी घेतली की त्या दिवसाची रोजी कटते, मग ती येणारच, तुम्हीआम्ही पण आलो असतो. किंवा मीच नेला असेन. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून ते पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्याच आठवड्यात मीही शिंकत होतो, तरी आत्याच्या गालाला हात लावून आलो.

मग डॉक्टरांनी जे केलं ते मला आधी विचित्र वाटलं. आजारी होते त्यांना ओसेल्टामिविर, म्हणजे लोक टॅमिफ्लू म्हणतात ते, दिवसातून दोनदा पाच दिवस, हे ठीक. पण धडधाकट होते त्यांनाही रोज एक! मी म्हटलं, बाप्पा, हे काऊन? तर म्हणे अशा एकत्र राहायच्या जागी 72 तासांत दोन जण आजारी पडले आणि त्यातला एक जरी टेस्टमध्ये पॉझिटिव्ह निघाला तरी तिथं साथ आली असं धरायचं, आणि बाकीच्यांना कमीत कमी दोन आठवडे गोळी द्यायची, शेवटचा पेशंट सापडल्यावर पुढे सात दिवस होईपर्यंत गोळी बंद करायची नाही. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून हे डॉक्टरांनीच ठरवायचं. औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त फायदा, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, आणि आमचे ते तास तर कधीच निघून गेले होते. खोकणाऱ्यांचे पलंग एका खोलीत नेले, त्यांच्या मावशी वेगळ्या ठेवल्या, खिडक्यांना जाळ्या मारून त्या उघडल्या. ह्या जाळ्यांचा खर्च किती आला असेल? एका फळवाटपाएवढा.

त्याच दिवसांत इकडे शहरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं नेतात ते पुतळे, निघाले, लोक ओरडत होते खोकला घेऊन जा गे मारबत, आणि मी आत्याला घेऊन दवाखान्यात ऑक्सिजनच्या बेडपाशी बसलो होतो. ती परत आली. पडलेले आजोबा नाही आले.

मुद्दा हा की फ्लूची सुई, म्हणजे लस, दर वर्षी लागते. "मागच्या वर्षी घेतली ना" हे चालत नाही, विषाणू बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरात, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते नव्यानं सुचवते. सुईनंच फ्लू होतो असंही आश्रमात कोणी म्हणत होतं, दंडात देतात त्या लसीत मेलेला विषाणू असतो, हात दुखेल, एखाद दिवस अंग कसकसेल, पण त्यानं फ्लू होत नाही. उतारवयात सुईचा जोर थोडा कमी पडतो हे खरं, म्हणूनच तर आजूबाजूच्यांनी घ्यायची, मावशी, स्वयंपाकीणबाई, वॉचमन, आणि दर रविवारी सफरचंदाची पिशवी घेऊन जाणारे आम्ही. सुई लागू पडायला दोन आठवडे जातात, मृग लागतो 7 जूनच्या आसपास, आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, म्हणजे हे काम आत्ताच, नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, आधी. महापालिकेच्या आरोग्य विभागानं मे महिन्यात एक गाडी घेऊन आश्रमा-आश्रमात जावं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्यांची वेगळी रांग ठेवा असं लिहिलंय, छान आहे, पण जी आत्या काठीशिवाय बाथरूमपर्यंत जात नाही ती मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, रांगेत कशी जाणार?

आणि आश्रम चालवणाऱ्यांना हात जोडून, खोकणाऱ्या मावशीची रोजी कापू नका हो. चार दिवसांची रोजी आणि एका बेडचं बिल, दोन्ही मी पाहिलंय.

यंदा आम्ही चार नातेवाइकांनी पैसे जमवून आठ जणांच्या स्टाफला सुया दिल्या, एक सुई दीड-दोन हजारांच्या घरात पडते. 24 आजी-आजोबांचं अजून बाकी आहे. त्या फोटोतल्या साहेबांचा फोन तुमच्याकडे असेल तर कळवा, पत्ता मी देतो.

आपला,
एक भाचा, मानेवाडा, नागपूर