मांस टिकवायला शिकवलंत, काका

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय.

घरचं मांस शिकारीतूनच मिळवायचं असं आम्ही ठरवलं, तेव्हा साठवण म्हणजे फ्रीजर एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही मात्र जनावर पडतं तिथून शिकवायला घेतलंत. आधी अंगातली ऊब बाहेर काढायची, बाकी सगळं नंतर. हरणाच्या अंगात 38-39 अंश उष्णता असते आणि कातडं ती धरून ठेवतं. म्हणून कोथळा लगेच काढायचा, आतडं फुटू द्यायचं नाही, आणि हवा गरम असेल तर सोलायलाही थांबायचं नाही. मागची मांडी वरून गार लागत होती, तरी तुम्ही मला खुब्याच्या सांध्यापर्यंत बोट घालायला लावलंत. आत चांगलंच कोमट होतं. ‘नासायला सुरुवात होते ती इथून,’ तुम्ही म्हणालात. तुमच्याकडून शिकलेलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, कारण हाडाशी कुजलेली मांडी मिठात पुरा नाहीतर धुरी द्या, हातची जातेच.

ताठरलेलं जनावर सैल पडेपर्यंत 4 अंशांच्या आत टांगून ठेवायचं, नाहीतर मांस चिवट होतं. हरणाची चरबी फ्रीजरमध्येही खवट होते, म्हणून ती आधीच छाटायची. हे सगळं आता हाताच्या सवयीचं झालंय.

मांस बरण्यांत भरून टिकवायच्या बाबतीत तुम्ही जराही सूट दिली नाहीत, त्याचे आभार वेगळे. साधं पाणी कितीही उकळलं तरी 100 अंशांच्या वर जात नाही, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू तेवढ्याला दाद देत नाहीत. बंद बरणीत हवा नसते, तिथे ते विष तयार करतात, आणि वास-चवीवरून ते कळेलच असं नाही. म्हणून प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या दाबाच्या वाफेत तापवायचं कुकरसारखं भांडं, साधारण 116 अंश, आणि लिटरला जरा कमी भरणाऱ्या बरण्यांना सलग 90 मिनिटं. तुम्ही स्वतःचा कॅनर आणून दिलात आणि दाबाचा काटा खाली येऊ नये म्हणून शेवटपर्यंत शेगडीपाशी बसून राहिलात. एवढा वेळ कोण कुणासाठी काढतं?

रानडुकराचं मांस गोठवलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, त्यातल्या ट्रायकिनेला कृमींच्या काही जाती थंडीला पुरून उरतात, हेही तुम्हीच बजावलंत. आमच्या स्वयंपाकघरात आता थर्मामीटर असतो आणि ते मांस आतून 71 अंशांवर गेल्याशिवाय ताटात येत नाही. सुकवायच्या पट्ट्यासुद्धा आधी तेवढ्या तापवते, मगच वाळत घालते.

कॅनरचं रबर नवं बसवलंय. येत्या आठवड्यात आणून देते. सोबत काही भरलेल्या बरण्या असतील, त्यांना नाही म्हणू नका.

तुमची,
शेजारची पुतणी