अंगठी सोनाराकडे देऊ नकोस

सांगली, 18 जानेवारी

चि. सौ. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू तिळगुळाची वाटी दाखवलीस आणि माझी नजर तुझ्या बोटाकडे गेली. अंगठी नव्हती. "सकाळी घट्ट होते गं, सोनाराकडून सैल करून घेणारे," असं तू सहज म्हणालीस. मग बोलता बोलता कळलं, दुधाची पिशवी कात्रीशिवाय फुटत नाही, डब्याचं झाकण निघत नाही, आणि दोन्ही हात मोकळे व्हायला दहा वाजतात. दोन महिने झाले म्हणे. रात्रभर माझा डोळा लागला नाही. फोनवर तू "हो गं, बघते" म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहितेय.

2011 ची संक्रांत. गणपती पेठेत बांगड्या भरायला गेले होते. कासारदादांनी नेहमीसारखा हात हातात घेतला, अंगठा आत दाबला आणि लगेच सोडून दिला. दुसरा हात बघितला. म्हणाले, "वहिनी, दोन्ही हात सुजलेत. आज भरत नाही मी. डॉक्टरांना दाखवा." जन्मभर बायकांचे हात दाबून पाहिलेला माणूस तो, त्याला बोटांना कळलं. मी मात्र घरी येऊन हाताला तेल चोळलं. थंडीचा वात आहे, असं सगळेच म्हणाले.

आपल्याकडे गुडघा धरला तरी वात, कंबर धरली तरी वात, बोटं आखडली तरी वात. या एका शब्दात माझी तीन वर्षं गेली.

आजींचा गुडघा आठव. त्यांचं दुखणं दिवस चढेल तसं वाढायचं, जिना उतरताना कळ यायची. सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं जड वाटायचं, मग चालत्या व्हायच्या. ती झीज. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी, वयाने आणि वजनाने विरते. त्यावर त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळण्याचा व्यायाम केला, वजन उतरवलं, दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी धरली. खाली बसणं सोडलं. त्यावर बरीच वर्षं निभावली, अगदीच चालवेना तेव्हा मिरजेला गुडघा बदलून घेतला.

माझं उलटं होतं. विश्रांती घेतली की आखडायचं, कामाला लागलं की सैल व्हायचं. सकाळचा तास-दीड तास मूठ मिटायची नाही. दोन्ही मनगटं, बोटांची मुळं आणि मधली पेरं, दोन्ही हातांना सारखंच. त्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड म्हणतात, आपण आमवात म्हणतो. शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं आणि हळूहळू कूर्चा, हाड कुरतडतं. हे म्हातारपणाचं दुखणं नाही. तुझ्या वयातही होतं, आणि बायकांना जास्त.

तू सातवीत होतीस. तुझे केस कापून आणले तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. सकाळी सातच्या शाळेला मला तुझी वेणी घालता येत नव्हती, रेवती. कधी सांगितलं नाही, आज सांगते.

त्याच काळात एकाकडच्या पुड्या सुरू केल्या. आठवड्यात एवढा उतार पडला की मी देवाला नारळ फोडला. पुढे चेहरा गोल सुजला, साखर वाढली. मिरजेच्या डॉक्टरांनी ते पाहून सांगितलं की त्यात स्टेरॉइड असणार. त्यांनी ते एकदम तोडलं नाही, मापाने कमी करत आणलं, कारण अचानक बंद करणंही धोक्याचं. हाडांची डेक्सा तपासणी केली तर आकडा उणे अडीचच्या खाली, म्हणजे हाडं ठिसूळ. आमवात आटोक्यात आला. पण करंगळीकडे वळलेली माझी बोटं वळली ती वळलीच. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं असतं तर ती बहुधा सरळ राहिली असती.

म्हणून तू हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढून थांबू नकोस. सुरुवातीला एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. पुण्यात संधिवाततज्ज्ञ आहेत, त्यांना दाखव. ते ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या करायला सांगतील. फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं धरू नकोस, काहींचा निगेटिव्ह असूनही आजार असतो. आणि तपासून दुसरंच काही निघालं तर मी आनंदाने पेढे वाटीन.

एक गोष्ट आईने मुलीलाच सांगायची. यावरचं नेहमीचं औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. माझा वार रविवार, कॅलेंडरवर खूण करते. सोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरल्या वेळी रक्त तपासून यकृत बघायचं. पण ते पोटातल्या बाळाला घातक आहे. तुमचा बाळाचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. अशा वेळी चालणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत. जावईबापूंनाही बरोबर ने, दोघांनी ऐकलेलं बरं.

हळद-दूध पी. हळदीच्या गावची मी, नको कशी म्हणेन? पण त्याच्या भरवशावर एक महिनाही घालवू नकोस.

उद्यापासून उठलीस की घड्याळ बघ. मूठ पूर्ण किती वाजता मिटते ते वहीत लिही, सुजलेल्या सांध्याचा सकाळीच फोटो काढ, डॉक्टरांकडे जाईपर्यंत सूज उतरलेली असते. शनिवारी मी येतेय, अपॉइंटमेंट त्यानंतरची घे. माझी फाईल आणते, आईला आहे हे त्यांना कळायला हवं.

आणि अंगठी सोनाराकडे देऊ नकोस. देवापुढच्या वाटीत ठेव. सूज उतरली की त्याच मापाची बसेल.

तुझी,
आई