साठ दारे, नऊ माणसे

एडिसन, न्यू जर्सी
२० ऑक्टोबर २०२४

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर जे बोललीस त्याला मी तिथल्या तिथे उत्तर द्यायला हवे होते. पण तुझ्या आईने मध्येच तुझ्या जेवणाची चौकशी काढली आणि माझे बोलणे राहून गेले. निवडणुकीच्या प्रचारासाठी दिवसभरात साठ दारे ठोठावलीस, त्यांतली नऊ उघडली, एका गृहस्थाने कुत्रा सोडण्याची धमकी दिली आणि उरलेल्या आठांपैकी एकाचेही मत तुझ्यामुळे बदलले असे तुला वाटत नाही. "बाबा, हे सगळं फुकट आहे," असे म्हणून तू फोन ठेवलास. फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

साठात नऊ हा हिशेब वाईट नाही, हे आधी सांगतो. २००८ च्या शरद ऋतूत माझ्या क्लिपबोर्डवरच्या याद्या शनिवारी संध्याकाळी परत देताना त्यांवर "घरी नाही" एवढीच खूण सर्वांत जास्त असे. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस आणि बाबा दर शनिवारी कुठे जातात याचे तुला कोडे पडे. मी ओबामांच्या प्रचाराला जात होतो, पण मला मत नव्हते. आपल्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड होते, नागरिकत्व यायला अजून तीन वर्षे होती. मंडळाच्या गणपतीत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "अरे, कशाला नसत्या फंदात पडतोस? उद्या कागदपत्रांत काही अडकलं म्हणजे?" कायद्याने त्यात काही गैर नव्हते, ग्रीन कार्डधारकाला प्रचारात काम करता येते, देणगीसुद्धा देता येते, फक्त मत देता येत नाही. पण भीती कायदा वाचून जात नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी हुशार माणसांनी या देशात वीस-वीस वर्षे मान खाली घालून काढली, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

मत नसलेला मी आणि मतांचा प्रश्नच नसलेले न्यू जर्सी, अशी ती जोडी होती. हे राज्य १९९२ पासून डेमोक्रॅटिक पक्षाकडेच जाते, त्यामुळे इथे दार ठोठावून काही साधत नाही. जो तो डेलावेअर नदी ओलांडून, जिथे निकाल कोणत्याही बाजूला झुकू शकतो त्या पेनसिल्व्हेनियात जातो. आम्ही चौघे जण एका गाडीतून रूट वनने ट्रेंटनपर्यंत जायचो आणि नदीवर आलो की शेजारच्या पुलावरची "ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स" ही मोठाली अक्षरे दिसत. तू आज ज्या बक्स काउंटीत पाय झिजवते आहेस, तिथेच, लेव्हिटटाउनच्या एकसारख्या घरांच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर, मी हे काम शिकलो. सगळी घरे सारखी आणि एका वस्तीतल्या सगळ्या रस्त्यांची नावे एकाच आद्याक्षराची. पहिल्या दिवशी मी एकाच घराचे दार दोनदा वाजवले होते.

त्याआधी एका चर्चच्या तळघरात आमचे प्रशिक्षण झाले. त्या वर्षीच्या प्रचाराची घडण मार्शल गान्झ यांच्याकडून बरीचशी आली होती. हार्वर्डचे शिक्षण सोडून १९६४ साली मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतनोंदणीला गेलेला आणि पुढे सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत सोळा वर्षे घालवलेला हा माणूस. त्यांचे म्हणणे असे की कार्यकर्त्याने आधी स्वतःची गोष्ट सांगावी, धोरणे मागाहून. म्हणून त्या तळघरात प्रत्येकाने उभे राहून दोन मिनिटांत "मी इथे का आलो" ते सांगायचे होते. मला घाम फुटला. आपण मराठी माणसे चारचौघांत स्वतःविषयी बोलायला लागलो की आधी घसा खाकरतो, मग विनोद करतो आणि मग खाली बसतो. शेवटी मी काय सांगितले, ते तुला कधी बोललो नाही, आज सांगतो.

मार्च १९७७. मी आठ वर्षांचा, सदाशिव पेठेतल्या वाड्यात. आणीबाणीनंतरची निवडणूक होती आणि माझे काका जनता पक्षाचे उमेदवार मोहन धारिया यांच्या प्रचारात होते. मतदार यादीचे जाडजूड गठ्ठे ओसरीवर पसरलेले असत आणि माझे अक्षर बरे म्हणून चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मला मिळाले होते: अनुक्रमांक, नाव, मतदान केंद्र. शेजारच्या कागदावर धारियांची निवडणूक निशाणी, चक्रातला नांगरधारी शेतकरी. काकांचे भाषण मी कधी ऐकले नाही, बहुधा त्यांनी कधी दिलेच नसावे. ते वाड्यावाड्यांतून चिठ्ठ्या वाटत फिरत, आणि प्रत्येक दारात चिठ्ठीपेक्षा भलत्याच गोष्टींवर जास्त वेळ घालवत: कुणाची सून बाळंतपणाला आली आहे, कुणाचा नळ तुटला आहे, कोण भाडेकरू मालकावर रागावला आहे. मी कंटाळून म्हटले, "काका, चिठ्ठी द्या ना आणि चला." ते म्हणाले, "चिठ्ठी पोस्टमनही देईल." मतदानाच्या दिवशी त्यांच्या हातात यादी नव्हती, कोण आले नाही हे त्यांना तोंडपाठ होते.

लेव्हिटटाउनमध्ये मला माझ्या काकांसारखे तोंडपाठ काही नव्हते. छापील यादी होती, प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडे होते आणि दारातून परतताना त्यांतल्या एकाभोवती गोल करायचा होता: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का समोरच्याचा. या वसाहतीचा पूर्वेतिहास तुला ठाऊक असावा. ती फक्त गोऱ्यांसाठी बांधलेली होती, आणि १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब तिथे राहायला आले तेव्हा त्यांच्या घरासमोर जमाव जमला आणि दगड पडले. त्याच गल्ल्यांतून, ५१ वर्षांनी, एका कृष्णवर्णीय उमेदवाराची पत्रके घेऊन एक सावळा, मत नसलेला मराठी माणूस हिंडत होता. दारे बंद राहत त्यामागे काय असे, हे मी ठामपणे सांगू शकत नाही; बरेचदा फुटबॉलचा सामना असे.

एका दारात एक सत्तरीतले गृहस्थ आले. फेअरलेस हिल्सच्या पोलाद कारखान्यात त्यांनी आयुष्य काढले होते आणि तो कारखाना त्यांच्या डोळ्यांदेखत विझत गेला होता. त्यांनी मला पहिलाच प्रश्न टाकला: "तुला स्वतःला मत आहे का?" मी नाही म्हटले. "मग तू माझ्या दारात का?" पाठ केलेले सगळे विसरून मी खरे ते सांगितले, की माझी मुलगी इथेच वाढणार आहे. त्यांनी जाळीचे दार उघडले आणि पुढची वीस मिनिटे ते बोलत होते, मी ऐकत होतो. बायकोची औषधे, निवृत्तिवेतन, दूर टेक्ससला गेलेला मुलगा, आणि मधेच, अगदी सहज, "त्या लोकांविषयी" मला न रुचणारे एक वाक्य. मी वाद घातला नाही. तेव्हा गप्प बसलो याची मला कधी लाज वाटते, कधी वाटत नाही. तू माझ्या जागी असतीस तर बहुधा बोलली असतीस आणि तेही चूक ठरले नसते. निघताना मी त्यांच्या नावापुढच्या तीनच्या आकड्याभोवती गोल केला. त्यांनी पुढे कुणाला मत दिले, मला आजतागायत माहीत नाही.

आता तुझ्या तक्रारीकडे येतो. "एकाचेही मत बदलले नाही," हे तुझे निरीक्षण अचूक आहे, पण ते तुझ्या कामाचे मोजमाप नव्हे. कॅला आणि ब्रूकमन या दोन अभ्यासकांनी २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडून दाखवले, की सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारकांच्या भेटींनी मतदाराची निवड बदलण्याचे सरासरी प्रमाण जवळपास शून्य असते. पण येल विद्यापीठातल्या गर्बर आणि ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवनमध्ये सुमारे तीस हजार मतदारांवर जो प्रयोग केला, त्यात दुसरी गोष्ट दिसली. ज्यांच्याशी दारात माणूस प्रत्यक्ष बोलला त्यांच्यातले मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढले, टपालाने थोडेसेच, आणि भाडोत्री कंपनीकडून केलेल्या फोनने जवळजवळ मुळीच नाही. म्हणजे समोरच्याला आपल्याकडे ओढायला तू जात नाहीस. जो आधीच आपला आहे पण मतदानाच्या मंगळवारी कंटाळा करणार आहे, त्याला घराबाहेर काढायला जातेस. माझे काका हे कोणताही प्रयोग न करता जाणत होते.

आणि संख्येचे म्हणशील तर २०१६ साली पेनसिल्व्हेनिया आपल्या हातून ४४,२९२ मतांनी गेले. राज्यात मतदान केंद्रांचे विभाग नऊ हजारांहून अधिक आहेत. भागाकार तूच कर. एका विभागामागे पाचसुद्धा मते येत नाहीत.

थोडे कामाचेही लिहितो. मतनोंदणीची मुदत उद्या सोमवारी संपते, तेव्हा आता वादविवादात वेळ न घालवता आधी "तुमची नोंदणी याच पत्त्यावर आहे ना?" हे विचारत जा. भारतीय आडनावाच्या घरी मात्र नोंदणीचा अर्ज पुढे करण्याआधी नागरिकत्वाचे विचारून घे. ग्रीन कार्डवरच्या एखाद्याने हौसेने किंवा गैरसमजाने नोंदणी केली तर त्याच्या इमिग्रेशनवर कायमचे संकट येऊ शकते. टपाली मतपत्रिकेचा अर्ज २९ तारखेपर्यंत करता येईल. ज्यांची मतपत्रिका आली आहे त्यांना आतल्या लिफाफ्याविषयी न कंटाळता सांग: मतपत्रिका आधी गुप्ततेच्या लिफाफ्यात, तो बाहेरच्या लिफाफ्यात, बाहेरच्यावर सही आणि तारीख, आणि ५ नोव्हेंबरच्या रात्री आठच्या आत पोहोचती. आतला लिफाफा राहिला तर मत बाद. आमच्या वेळी पेनसिल्व्हेनियात टपाली मतदानाची सोय ठरावीक कारण दिल्याशिवाय मिळतच नसे, सगळा खेळ एकाच दिवसाचा होता. मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून आम्ही दारोदार होतो आणि मला चोरी केल्यासारखे वाटत होते, कारण आपल्याकडे मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचार थांबतो हे माझ्या हाडांत भिनलेले. तिथे केंद्राजवळ ठरावीक अंतर सोडले की रात्री आठपर्यंत सारे खुले होते.

आता जे खरे सांगायचे होते ते. त्या रात्री आम्ही जिंकलो, पेनसिल्व्हेनियाही आणि देशही. एडिसनला परतलो तेव्हा तू सोफ्यावर झोपली होतीस. आणि मग मी थांबलो. एकटा मीच नव्हे. १ कोटी ३० लाख ई-मेल पत्ते, गल्लोगल्लीचे गट, वर्षभर घडवलेली माणसे, हे सगळे जानेवारी २००९ मध्ये राष्ट्रीय पक्षसमितीच्या छताखाली नेण्यात आले आणि आम्हांला अध्यक्षांच्या बाजूने खासदारांना फोन करा असे निरोप येऊ लागले. ज्यांना कालपर्यंत शेजाऱ्याशी बोलायला शिकवले होते त्यांच्या हाती आता वरून आलेला मजकूर दिला जात होता. मला तो जुलूम वाटला आणि मी यादीतून नाव काढले. पण खरे कारण वेगळे होते, मी दमलो होतो आणि जिंकल्यावर बसायला निमित्त हवे होते. त्याच उन्हाळ्यात समोरची बाजू, टी पार्टीवाले, खासदारांच्या गावसभा भरवून टाकत होती. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा गमावल्या. त्या पोलाद कारखान्यातल्या गृहस्थांच्या दारी मी पुन्हा कधी गेलो नाही. त्यांना वाटले असेल, मत हवे होते तोवर आला. तसे त्यांना वाटले असेल तर त्यांचे चुकले नाही.

म्हणून तू काल फुकट म्हणालीस ते मला झोंबले. तुझ्या साठ दारांना मी फुकट म्हणणार नाही. माझी, त्यानंतर न ठोठावलेली, म्हणेन. तुझा उमेदवार जिंको वा हरो, ६ नोव्हेंबरला तू काय करणार आहेस हे तू मला सांगितलेले नाहीस आणि मी विचारतही नाही.

येत्या शनिवारी मी मोकळा आहे. आईला सांगितले आहे. ती पोळीभाजीचा डबा देणार आहे, चौघांना पुरेल इतका, तेव्हा तुझ्या गटातल्या मुलांना बाहेरचे खाऊ देऊ नकोस. आता कागदी यादी नसते, सगळे फोनवर असते असे तू म्हणालीस. माझा चष्मा विसरणार नाही. मला सोपी गल्ली देऊ नकोस. जमले तर लेव्हिटटाउनची दे.

तुझा,
बाबा