अज्जीच्या लुगड्याचा फोटो पाठव

डेट्रॉइट

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

वाचून झालं की हे पत्र कोल्हापूरला आक्काकडे पाठव. फोनवर एवढं सांगायला जमत नाही.

परवा इथल्या म्युझियममध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराची 27 भित्तिचित्रं पाहिली. मोठ्या दोन भिंतींवर मोटारींचा कारखाना. पण तेव्हापासून मनात घोळतंय ते त्याच्या बायकोचं, फ्रिडा काहलोचं चित्र. नवरा त्या भिंती रंगवत होता तेव्हा, 1932 साली, तिनं पत्र्यावर स्वतःचं छोटंसं चित्र काढलं. मी ते पुस्तकात पाहिलं. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवर ती उभी आहे. गुलाबी झगा, हातात मेक्सिकोचा झेंडा. एका बाजूला पडकी देवळं, सूर्य, चंद्र, मुळांसकट फुलझाडं. दुसरीकडे फोर्डची धुराडी, यंत्रं. यंत्राची एक वायर जमिनीखालून पलीकडच्या झाडाच्या मुळांपर्यंत गेलीय. तिथंच माझी नजर खिळली. त्याच वर्षी तिचं मूल पोटातच गेलं, आई वारली. तरी चित्रात ताठ उभी आहे गं.

इथं कुणी गाव विचारलं आणि बेळगाव म्हटलं की लगेच, "म्हणजे महाराष्ट्र की कर्नाटक?" मी 1956 पासूनचं सांगायला घेते आणि घसा दाटतो. बाबा मोर्चाला गेलेले, आणि त्याच दिवशी शेजारच्या कन्नड काकूंनी आम्हाला जेवू घातलेलं. यातलं काय वगळून सांगू?

म्हणून मी माझंच चित्र काढायला घेतलंय, अज्जीचं इरकली लुगडं नेसलेलं. नाक अगदी तुझं आलंय. पदराशी अडलेय, आणि नावाशी. फ्रिडानं पायाखालच्या दगडावर 'कारमेन रिवेरा' लिहिलंय. कारमेन हेही तिचंच नाव, आडनाव नवऱ्याचं. मी कुठल्या लिपीत लिहू? अज्जीच्या वहीत हरिपाठ मराठीत असायचा आणि मागच्या पानांवर बाजाराचा हिशेब कन्नडमध्ये. ती वही अजून आहे का? तिच्या अक्षरात माझं नाव कुठं सापडलं तर त्या पानाचा फोटो पाठव, लिपी कुठलीही असू दे.

लुगडं ट्रंकेतून काढशील तेव्हा पदर गच्चीवर उन्हात पसर. तो लाल रंग ट्यूबलाइटखाली खरा दिसत नाही.

तुझी,
धाकटी