विमानात शंका आली तर तिथेच बोला

महोदय,

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर विमानात बसणारा माणूस जास्त सावध झाला आहे. खिडकीतून पंखाकडे, इंजिनाकडे लक्ष जाते, आवाज बदलला की कान टवकारले जातात. हे चांगलेच आहे. पण त्याला जे खटकते ते आधी मोबाइलमध्ये जाते, तिथून व्हॉट्सॲपवर, आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या केबिन क्रूपर्यंत मात्र पोहोचत नाही. मला याची मनापासून काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून रात्रीच्या विमानाने निघालो होतो. खिडकीजवळ कॉलेजातला मुलगा होता. पंखाच्या मागच्या कडेवरून एक बारीक ओघळ सारखा गळत होता आणि खालच्या दिव्यात चमकत होता. मुलगा व्हिडिओ काढत होता, मागचे दोघे वाकून बघत होते. क्रूला बोलावायचे डोक्यावरचे बटण कोणीच दाबले नाही. मी त्याला म्हटले, ‘बाळा, दाब ते.’ क्रूमधली मुलगी आली, म्हणाली, ‘सर, पावसाचं पाणी असेल.’ असेलही. पण ते तपासून सांगा, एवढेच आम्ही म्हटले. तिने पुढे फोन लावला. थोड्या वेळाने खाली एक माणूस टॉर्च घेऊन आला, पंखाखाली उभा राहिला, कपड्याने पुसले, बोटाला लावून वास घेतला, पुन्हा गळते का ते बघत थांबला. मग अंगठा दाखवून गेला. विमान जरा उशिरा सुटले. मागून आवाज आला, ‘काऊन टाइमपास करता काका, त्यांना समजत नाही का?’ त्या मुलाने मान खाली घातली. काय निघाले, हे त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही.

‘त्यांना समजत नाही का?’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ बोइंग ७३७ कोसळले. डाव्या इंजिनातले पंख्याचे पाते तुटले होते, पण वैमानिकांनी चुकून उजवे, धडधाकट इंजिन बंद केले. उजव्या इंजिनात बिघाड झाल्याचे कॅप्टनने प्रवाशांना सांगितलेही. मागे बसलेल्या प्रवाशांनी डाव्या बाजूला ज्वाळा पाहिल्या होत्या, केबिन क्रूपैकी काहींनीही पाहिल्या होत्या. कॅप्टन उजवे म्हणतात आणि आग तर डावीकडे दिसते, हे कॉकपिटपर्यंत कोणीच पोहोचवले नाही. १२६ पैकी ४७ जण गेले.

दोनच महिन्यांनी, १० मार्च १९८९ ला, कॅनडातल्या ड्रायडन येथे फोकर विमान पंखांवर बर्फ घेऊनच धावपट्टीवर निघाले आणि उडताच झाडीत पडले. २४ जणांचा मृत्यू झाला. त्या विमानात प्रवासी म्हणून दोन वैमानिक बसलेले होते. बर्फ त्यांनाही दिसला होता. एअर होस्टेसलाही दिसला होता. वैमानिकांना असे सांगितलेले आवडत नाही, अशी तिची समजूत होती. ज्यांना सगळे समजत होते तेच गप्प बसले, तिथे तुमच्याआमच्यासारख्यांचा संकोच मी समजू शकतो. पण कॉकपिटमध्ये बसलेल्याला या विमानांची इंजिने दिसत नाहीत. मागच्या रांगेतल्या माणसाला दिसतात.

मी रेल्वेत गार्ड होतो. काटोल-नरखेडच्या बाजूला रात्री मालगाडी घेऊन जाताना प्रत्येक फाटकावर गेटमन आणि प्रत्येक स्टेशनवर मास्तर गाडीकडे तोंड करून उभा असे. गाडी ‘ऑल राइट’ दिसली तर हिरवा दिवा. जळक्या ग्रीसचा वास आला, हॉट ॲक्सल म्हणजे चाकाचा तापलेला आस दिसला, ब्रेकचा एखादा भाग लोंबताना दिसला, तर लाल. गेटमनने लाल दाखवला की गाडी उभी राहायची. तू कोण, तुझे शिक्षण किती, असे त्याला कोणी विचारले नाही. खाली उतरून पाहिले आणि काहीच निघाले नाही, तरी त्याच्यावर कोणी डाफरत नसे, कारण पुढच्या खेपेला तो दिवा दाखवायला बिचकला असता. प्रवाशाच्याही हातात साखळी आहे. कायदा शिक्षा करतो ती पुरेशा कारणाशिवाय ओढणाऱ्याला.

विमानात साखळी नाही, डोक्यावरचे बटण आहे. ते दाबायची लोकांना भीती वाटते, आणि तिला कारणही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बॉम्बच्या खोट्या धमक्यांनी देशभरातली विमाने हैराण झाली होती, शिवाय ‘नो फ्लाय लिस्ट’चे, म्हणजे विमानप्रवासाला बंदी असलेल्यांच्या यादीचे, नाव सगळ्यांनी ऐकलेले आहे. पण डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमांत ती बंदी शिवीगाळ, धक्काबुक्की, जिवाला धोका अशा वागण्यासाठी आहे. शांतपणे शंका विचारणे त्यात कुठेच बसत नाही. बॉम्ब हा शब्द गमतीत काढणे, इमर्जन्सी दाराला हात लावणे, उभे राहून ओरडत सगळी केबिन घाबरवणे, हे गुन्ह्याकडे जाणारे प्रकार आहेत आणि त्यांची मी बाजू घेत नाही.

सांगायचे तेही नेमके सांगावे. इंजिन खराब आहे की नाही हा निष्कर्ष आपण काढू नये. काय दिसले, कोणत्या बाजूला, केव्हापासून, एवढे पुरे. धूर, जळका वास, हाताला चटका बसेल इतकी तापलेली पॉवर बँक, सीटच्या फटीत अडकलेला मोबाइल, यासाठी तर क्षणभरही थांबू नये. ‘काही नाही हो’ असे उत्तर मिळाले तर ‘कृपया कॅप्टनच्या कानावर घाला’ असे म्हणावे. दहा हजार फुटांखाली कॉकपिटला विनाकारण त्रास द्यायचा नसतो हे खरे, पण सुरक्षेची बाब त्या नियमातून वगळलेली आहे. व्हिडिओ नंतर टाकता येतो, एअरसेवा पोर्टलवर तक्रारही नंतर करता येते.

विमान कंपन्यांना आणि डीजीसीएला माझी विनंती आहे. पट्टा कसा बांधायचा, दारे कुठे आहेत, हे सांगताना एक वाक्य जोडा: ‘आपल्याला काही वेगळे दिसले, ऐकू आले किंवा वास आला तर लगेच आम्हाला सांगा.’ नागपूरहून सुटणाऱ्या विमानांत ते मराठीतही सांगा. आणि ज्याने सांगितले त्याच्या सीटपाशी परत जाऊन तपासणीत काय आढळले ते कळवा. याला पैसा लागत नाही, क्रूच्या प्रशिक्षणात एक तास लागेल. नागपूर विमानतळावरच्या कंपन्यांच्या स्थानिक व्यवस्थापकांनी यावर आपल्या दैनिकातून उत्तर द्यावे, ही अपेक्षा.

— एक निवृत्त रेल्वे गार्ड, अजनी, नागपूर