बॅटरी बदलण्याआधी मोजून पाहा

संपादक महोदय,

पावसाळी सकाळी जुनी गाडी चालू झाली नाही की निदान ठरलेले असते: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, गाडी चालू होते आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा धक्का मारायची वेळ येते. कार्ब्युरेटरच्या मारुती ८००, पद्मिनी, अँबेसेडर आजही जिवापाड सांभाळणारे लोक आहेत. त्यांनी नव्या बॅटरीआधी पाचशे रुपयांच्या आत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजणारा मीटर) घ्यावा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मात्र खरी परीक्षा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारताना होते. ठिणगी तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्याला पाच-सात सेकंद सेल्फ मारायला सांगा. भरलेली बॅटरी तेव्हा ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर ती थकली आहे, नाहीतर सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतो आहे. आकडा १० च्या वर टिकला आणि तरीही सेल्फ रडतखडत फिरला, तर बॅटरीला हात लावू नका. दोष बहुधा वाटेत, म्हणजे बॅटरी ते सेल्फच्या वायरी आणि जोडांत असतो, सेल्फच्या आत असतो तो क्वचित.

वाट मोजणे सोपे आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (टर्मिनलवर, म्हणजे वायरच्या चिमट्यावर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर) आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्ट चालतील. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अर्थिंग खराब. तसेच प्लस खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा, तिथेही मर्यादा अर्ध्या व्होल्टची. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो. वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी अख्खा एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत गिअरबॉक्स आणि बॉडी यांमधली विणलेली तांब्याची पट्टी आतून हिरवी पडून कुजते, वरून धड दिसते. सेल्फ मारल्यावर क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागली तर खुशाल समजा की करंट पट्टी सोडून केबलमधून परततो आहे. पट्टी बदला, बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. खोलताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

आवाजही बरेच सांगतो. टक-टक-टक अशी माळ लागली तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच ठोका आणि शांतता असेल तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) किंवा सेल्फमधले कार्बन ब्रश. सेल्फ नुसता गरगरला आणि इंजिन हलले नाही तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनशी जोडणारे दातेरी चाक). काहीच आवाज नसेल तर चावी फिरवलेली असताना सोलेनॉइडच्या बारीक वायरवर व्होल्टेज पाहा; तिथे पोचतच नसेल तर इग्निशन स्विच तपासा.

सेल्फ जोमात फिरतो पण गाडी पेटत नाही, हा ओलाव्याचा खेळ. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसा. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर झाकण बदलाच, पुसून ती जात नाही. त्यातल्या पॉइंटची (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काची) फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर. पॉइंट वारंवार जळत असतील आणि ठिणगी पिवळट, मरतुकडी पडत असेल तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलून पाहा.

चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची पद्धत अजून जिवंत आहे. डायनामोच्या जमान्यातली ही खोड अल्टरनेटरचे (आजच्या चार्जिंग जनित्राचे) डायोड उडवते. इंजिन थोडे रेस करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की काम झाले. १५ कडे सरकले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर सगळे बंद करून, मायनस टर्मिनल काढून, मीटर १० अँपिअरवर लावून तो टर्मिनल आणि खांब यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका. ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त गळती दिसली तर एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर. अर्धा अँपिअर गळती ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी करते. बहुतेकदा नंतर बसवलेला स्टीरिओ किंवा अलार्म सापडतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटरची वायर सोडवून पाहा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून तिथे तार किंवा चंदेरी कागद गुंडाळू नका. आधी हेडलाइटमध्ये ६०/५५ वॉटच्या जागी रिलेविना (जास्त करंट स्विचऐवजी स्वतःमधून नेणाऱ्या विद्युत स्विचविना) घातलेला १००/९० वॉटचा बल्ब काढा. जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट थेट स्विचमधून जातो आणि स्विच वितळतो तो तिथेच.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, रत्नागिरी