बाबा, त्या व्हिडिओबद्दल

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया
10 मार्च 2024

तीर्थरूप बाबा आणि आईस,
मनीषाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही मजेत आहोत. रेवाचा खोकला गेला, महेशची नोकरी नीट चालू आहे, मी वेळेवर जेवते. आई, हे आधीच लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील. परवा मी चिडून फोन ठेवला, त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि कुणाचंच ऐकून होत नाही, म्हणून लिहिते आहे. समीर, प्रिंट मोठ्या अक्षरांत काढ, बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको.

तर तो व्हिडिओ, इथल्या शाळा मंडळापुढे मी प्रवेशाच्या नव्या नियमाच्या बाजूने बोलले तो. काकांनी तो तुम्हाला पाठवला तेव्हा त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्याच लोकांच्या विरोधात बोलणारी आपली मुलगी.' बाबा, मी मोर्चात गेले नव्हते. कुणाला वेडंवाकडं बोलले नाही, पोलिस वगैरे काही नव्हतं. ती शाळा मंडळाची नेहमीची बैठक होती आणि ती सगळ्यांना बघता यावी म्हणून मंडळच तिचं चित्रण करतं. आमची ग्रीन कार्डाची फाइल जिथे होती तिथेच, रांगेत आहे. माझ्या बोलण्याने ती मागे गेलेली नाही.

ही बैठक काय असते ते सांगते, कारण मलाही कळायला दोन वर्षं लागली. इथे शाळांचा कारभार लोकांनी निवडून दिलेलं मंडळ बघतं. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बारा सभासद, चार वर्षांची मुदत, आणि त्यांच्या शाळांत जवळपास 1 लाख 80 हजार मुलं. आपली जिल्हा परिषद समजा, फक्त रस्ते-पाणी नाही, सगळं शाळांचंच. बैठकीत काही वेळ लोकांसाठी राखलेला असतो. आधी नाव नोंदवायचं, नाव पुकारलं की माइकपाशी जायचं. समोर घड्याळ उलटं मोजत असतं. दोन मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. आणि सगळ्यात अजब म्हणजे मंडळातलं कुणी उत्तर देत नाही. ऐकतात, टिपून घेतात, 'थँक यू' म्हणतात, पुढचं नाव पुकारतात. माझ्या आधी एक आई शाळेची बस रोज उशिरा येते म्हणून बोलली. तिच्या आधी एक मुलगा डब्याच्या जेवणाबद्दल. मग मी. इथे राहणारा कुणीही बोलू शकतो, त्यासाठी नागरिक असावं लागत नाही. माझे हात इतके कापत होते की मोबाइलवर लिहून आणलेलं मला वाचता येईना. ते व्हिडिओत दिसत नाही.

ज्या शाळेच्या सभागृहात ही बैठक झाली, ती ल्यूथर जॅक्सन शाळा 1954 साली सुरू झाली. या काउंटीतलं कृष्णवर्णीय मुलांसाठीचं ते पहिलं हायस्कूल. त्याआधी त्या मुलांना सातवीनंतर शिकायचं तर काउंटीबाहेर, मनॅसस किंवा वॉशिंग्टनला जावं लागे. गेल्या उन्हाळ्यात रेवाला घेऊन आम्ही याच राज्यातल्या फार्मव्हिलला गेलो होतो. तिथे 1951 साली बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने संप करून शाळा बंद पाडली होती, कारण मुलांना डांबरी कागद लावलेल्या शेडमध्ये बसवत. त्या संपातून उभा राहिलेला खटला सुप्रीम कोर्टात जिंकला गेला. पण कृष्णवर्णीय आणि गोरी मुलं एका वर्गात बसवण्यापेक्षा तिथल्या काउंटीने 1959 ते 1964 अशी पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. बाबा, पाच वर्षं! ज्या मुलाची पहिली बुडली, तो थेट सहावीच्या वयाचा झाला. तुम्ही पावसाळ्यात नदीला पूर आला तरी शाळा उघडायला जायचात, ते मला तिथे उभं असताना आठवलं.

आता मुख्य गोष्ट. इथे थॉमस जेफरसन नावाचं विज्ञानाचं सरकारी हायस्कूल आहे, सगळे टीजे म्हणतात. देशातल्या अगदी वरच्या शाळांत त्याचं नाव घेतात. पूर्वी तिथे मोठी प्रवेश परीक्षा असे, अर्जाची फी 100 डॉलर. मुलं तिसरी-चौथीपासून क्लास लावत. बहुतेक जागा मोजक्याच शाळांतल्या मुलांना मिळत, आणि त्यांतली खूप मुलं आपली, चिनी, कोरियन. कृष्णवर्णीय मुलांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 2020 मध्ये मंडळाने परीक्षा आणि फी काढून टाकली. आता प्रत्येक मिडल स्कूलमधल्या आठवीच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखतात. मार्क बघतात, निबंध बघतात, घरची परिस्थिती बघतात. तपासणाऱ्याला मुलाचं नाव कळत नाही, वंशही कळत नाही. नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी निवडलेल्या मुलांत आशियाई मुलांचं प्रमाण 73 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर आलं. यावरून कोर्टकचेरी सुरू झाली. 2022 मध्ये खालच्या कोर्टाने नव्या पद्धतीला विरोध करणाऱ्या पालकांच्या बाजूने निकाल दिला, 2023 मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला आणि परवा 20 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, म्हणजे नवी पद्धत राहिली. दोन न्यायमूर्तींनी त्याला विरोध नोंदवला.

लगेच आमच्या ग्रुपवर निवेदन आलं, परीक्षा परत आणा म्हणून. ओळखीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. मी केली नाही, आणि का केली नाही ते बैठकीत जाऊन सांगितलं. एवढाच माझा गुन्हा.

बाबा, मला तुमची संध्याकाळची पडवी आठवत होती. स्कॉलरशिपची मुलं, वीज गेली की कंदील, आणि आई सगळ्यांना मिळून एक पातेलं खिचडी करायची. वाडीवरचा तो मुलगा नवोदयला लागला तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते. नवोदयच्या निदान 75 टक्के जागा खेड्यांतल्या मुलांसाठी असतात, म्हणून तो लागला. शहरातल्या क्लासवाल्या मुलांशी सरळ टक्कर असती तर त्याच्या हुशारीची खबरही कुणाला लागली नसती. मी मंडळापुढे हेच सांगितलं. आणि हेही सांगितलं की नव्या नियमाने गरीब घरांतली आशियाई मुलंही आत आली. आधीच्या वर्षी असं एकच मूल होतं, पहिल्याच वर्षी ती 51 झाली. हॉटेलांत भांडी घासणाऱ्यांची, टॅक्सी चालवणाऱ्यांची मुलं आपली नाहीत का?

पण माझ्या मैत्रिणीचं, वैशालीचंही मला कळतं, तेही लिहायला हवं. तिच्या मुलाने चार वर्षं अभ्यास केला आणि आठवीत असताना नियम बदलला. 2020 च्या उन्हाळ्यात टीजेकडून पालकांना पत्र गेलं होतं, आपल्याला काय काय जास्तीचं मिळालंय याचा विचार करा, अशा अर्थाचं. दोन सुटकेसांवर संसार उभा केलेल्या माणसांना ते लागलं. मला ती पत्राची भाषा तेव्हाही बरी वाटली नव्हती. वैशाली म्हणते, आपली मुलं कमी करणं हाच त्यांचा हेतू होता. आमचं त्यावर स्वयंपाकघरात दोन तास बोलणं झालं आणि शेवटी ती रडली. आता ती माझा फोन उचलत नाही. परवा तिच्याकडे महिला मंडळ जमलं, मला बोलावणं नव्हतं. बारा-तेरा वर्षांपासूनची मैत्री आहे, रेवाच्या बाळंतपणात तिनेच डिंकाचे लाडू करून आणले होते. मी उद्या पुन्हा तिच्या दारात जाणार आहे.

घरातही सगळं गोड नाही. रेवाची शाळा टीजेला पूर्वीपासून पुष्कळ मुलं पाठवणाऱ्या शाळांपैकी आहे. म्हणजे पुढच्या वर्षी ती अर्ज करेल तेव्हा तिलाच जास्त चुरस. महेश म्हणाला, "तू बोलून मोकळी झालीस, पोरीचं काय?" मग रात्री रेवाने विचारलं, "आई, तू माझ्या विरुद्ध बोललीस का?" मी तिला नाही म्हटलं, जवळ घेतलं, वाडीवरच्या मुलाची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती, पण तिला ते कितपत पटलं ते मला माहीत नाही. बाबा, तुम्ही कधी दुसऱ्यांच्या मुलांना माझ्याआधी शिकवायला बसलात तेव्हा मीही रुसायचे. तेव्हा तुम्ही काय करायचात, ते मला कळवा.

आता घरचं. समीरच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. व्हिसाचा शिक्का मारून घ्यायला अपॉइंटमेंट मिळत नाहीये आणि ती न घेता निघाले तर परत कधी येता येईल सांगता येत नाही. ऑपरेशनलाही मी नव्हते, आता हेही. डिसेंबरच्या लग्नाला काहीही करून येते. मुलीकडच्यांना माझा व्हिडिओ दाखवला गेला असेल तर समीर, तूच त्यांना नीट समजावून सांग, तुझ्या लग्नात माझ्यामुळे विघ्न नको. आई, एफडी मोडू नकोस. तीन लाख शुक्रवारी पाठवलेत, हॉलचे पैसे त्यातून द्या, उरलेले ठेवा. मुलीची साडी मात्र माझ्याकडून, तिला रंग विचारून कळव. डोळ्यातले थेंब चार वेळा घालायचे आहेत, तीन वेळा नाही. आजपासून इथली घड्याळं तासभर पुढे गेली, तेव्हा रविवारी मी तुमच्या साडेसहाला फोन करते.

तुमची,
मनू